मिश्रधातूंच्या नॅनोकणांची रासायनिक निर्मिती : पद्धती, अडथळे आणि पुरावा

प्रस्तावना

गंगाखेडच्या सराफ बाजारात बावीस कॅरेटचा दागिना घडविताना सोनार मुशीत सोने आटवितो, त्यात तांबे वा चांदी ठरावीक प्रमाणात घालतो आणि रस ढवळून ओततो. चोवीस भागांत बावीस भाग सोने, म्हणजे ९१.६ टक्के. सोने १०६४ अंश सेल्सिअसला, तांबे १०८५ अंशांना व चांदी ९६२ अंशांना वितळते. तिन्ही धातू द्रवरूपात एकमेकांत पूर्णपणे मिसळतात; त्यामुळे मिश्रण झाले किंवा नाही, हा प्रश्न सोनाराला पडत नाही. त्याला केवळ कस पाहावा लागतो, आणि त्यासाठी त्याच्याजवळ कसोटीचा दगड असतो.

हीच दोन धातू पाच किंवा दहा नॅनोमीटर व्यासाच्या कणांत एकत्र आणावयाची असतील तर मात्र मुशीचा उपयोग नाही. इतके लहान कण तापविले असता वितळण्याच्या पुष्कळ आधीच एकमेकांस चिकटून मोठे होतात. म्हणून धातूंऐवजी त्यांच्या क्षारांपासून प्रारंभ करावा लागतो. दोन्ही धातूंचे आयन द्रावणात घ्यावयाचे, क्षपणकाने त्यांचे अणूंत रूपांतर करावयाचे आणि ते अणू एकाच कणात रचले जातील अशी व्यवस्था करावयाची. कृती वाचावयास सोपी आहे. परंतु दोन धातूंचे आयन एकाच चंचुपात्रात असणे आणि त्यांचे अणू एकाच कणात सरमिसळ होऊन बसणे या दोन अत्यंत भिन्न गोष्टी आहेत. प्रस्तुत लेखात रासायनिक पद्धतींचा परिचय या भेदाच्या अनुषंगाने करून दिला आहे. कारण महाविद्यालयीन संशोधनात सर्वाधिक चुका याच ठिकाणी होतात.

एका कणातील दोन धातू

पाच नॅनोमीटर व्यासाच्या सोन्याच्या कणात सुमारे चार हजार अणू असतात व त्यांपैकी पाव ते एक-तृतीयांश अणू पृष्ठभागावर असतात. उत्प्रेरणाचे कार्य पृष्ठभागावर चालते, तेव्हा पृष्ठभागावर कोणत्या धातूचा अणू कोणाच्या शेजारी बसला आहे याला महत्त्व येते. इंधनघटातील शुद्ध प्लॅटिनमचा पृष्ठभाग कार्बन मोनॉक्साइडने झाकला जाऊन निकामी होतो. शेजारी रूथेनियमचा अणू असल्यास त्यावर बसलेला ऑक्सिजनयुक्त गट त्या कार्बन मोनॉक्साइडचे ऑक्सिडीकरण करून जागा मोकळी करतो. रूथेनियम कणाच्या गाभ्यात गाडले गेले असेल, तर हे साहाय्य घडत नाही, मग एकूण विश्लेषणात दोन्ही धातूंचे प्रमाण कितीही अचूक येवो.

द्विधात्वीय कणांचे स्थूलमानाने तीन प्रकार संभवतात. पहिल्यात दोन धातूंचे अणू संपूर्ण कणात मिसळलेले असतात. खऱ्या अर्थाने मिश्रधातू म्हणावे तो हाच. दुसऱ्यात एका धातूचा गाभा व दुसऱ्याचे कवच असते. तिसऱ्यात एका कणाचे दोन भाग दोन धातूंचे असतात. याखेरीज चौथी एक अवस्था प्रयोगशाळेत वारंवार आढळते. ती म्हणजे दोन धातूंचे स्वतंत्र कण एकाच द्रावणात तरंगत असण्याची. तिला मिश्रधातू म्हणणे म्हणजे गहू आणि हरभरा एका पोत्यात भरून त्यास नवे वाण म्हणण्यासारखे होय.

क्षपणाचा क्रम व वेग

सोन्याचे कलिल तयार करण्याची परंपरा जुनी आहे. मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्ये सोन्याच्या क्षाराचे फॉस्फरसने क्षपण करून माणकासारख्या लाल रंगाचे कलिल मिळविले. टर्केविच व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये उकळत्या क्लोरोऑरिक आम्लाच्या द्रावणात सोडियम सायट्रेट घालून सुमारे वीस नॅनोमीटरचे कण मिळविण्याची पद्धत अभ्यासली आणि फ्रेन्स यांनी १९७३ मध्ये सायट्रेटचे प्रमाण बदलून कणांचा आकार बदलता येतो हे दाखविले. सायट्रेट येथे दुहेरी काम करते. ते क्षपण करते व कणाच्या पृष्ठभागावर बसून ऋण प्रभाराद्वारे कणांना परस्परांपासून दूर ठेवते.

दुसरा धातू आला की प्रमाण क्षपण विभवांचा विचार अपरिहार्य होतो. टेट्राक्लोरोऑरेट आयनासाठी हा विभव सुमारे +१.०० व्होल्ट, चांदीच्या आयनासाठी +०.८०, टेट्राक्लोरोप्लॅटिनेटसाठी +०.७६, तांब्यासाठी +०.३४, निकेलसाठी -०.२६ व फेरस आयनासाठी -०.४४ व्होल्ट आहे. ज्याचा विभव अधिक, त्याचे क्षपण सुलभ. दोन धातूंच्या विभवांत अंतर मोठे असेल आणि क्षपणक सौम्य असेल, तर पहिला धातू आधी बाहेर पडतो व गाभा होतो. दुसरा मागाहून येऊन कवच बनतो, किंवा स्वतंत्र कण तयार करतो.

यावरचा सरळ उपाय प्रबळ क्षपणक वापरण्याचा. आम्लारिधर्मी द्रावणात सोडियम बोरोहायड्राइडचा विभव -१.२४ व्होल्ट आहे. सोने आणि चांदी यांच्यातील ०.२ व्होल्टचा फरक त्याच्यापुढे नगण्य ठरतो. दोन्ही आयनांचे क्षपण क्षणार्धात होते आणि अणूंना वेगळे होण्यास अवसरच मिळत नाही. असे कण लहान, बहुधा दहा नॅनोमीटरपेक्षा कमी व्यासाचे असतात. लोह, कोबाल्ट व निकेल यांच्या बाबतीत मात्र हा उपाय अपुरा पडतो. जलीय द्रावणात बोरोहायड्राइडमुळे धातूसोबत बोराइडे तयार होतात आणि उरलेल्या धातूचे हवेत ऑक्सिडीकरण होते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. विभव क्षपणाची दिशा सांगतो; वेग सांगत नाही. सायट्रेट हे बोरोहायड्राइडच्या तुलनेत कितीतरी सौम्य आहे. केवळ विभवांवर विसंबले तर त्याच्याकडून सोन्याचा गाभा व चांदीचे कवच अपेक्षित धरावे लागेल. प्रत्यक्षात लिंक, वांग व एल-सय्यद यांनी १९९९ मध्ये दोन्ही क्षारांच्या उकळत्या द्रावणात सायट्रेट घालून सोने-चांदीचे मिश्रधातूचे कण मिळविले. नव्याने तयार झालेल्या सोन्याच्या पृष्ठभागावर चांदीचे क्षपण मोकळ्या द्रावणापेक्षा सहज होते, म्हणून दोन्ही धातूंचे निक्षेपण पुष्कळ अंशी एकाच वेळी चालू राहते. तापमान, मिश्रणाचा क्रम व ढवळण्याचा वेग यांनीही उत्तर बदलते. अशा प्रसंगी पाठ्यपुस्तकातील विभवांचा तक्ता वाट दाखविण्यापुरता उपयोगी. निर्णय प्रयोगावरच सोपवावा लागतो.

सिल्व्हर क्लोराइडचा अडथळा

सोने-चांदीच्या प्रयोगातील सर्वांत मोठी अडचण विभवांची नसून अवक्षेपाची आहे. क्लोरोऑरिक आम्लातील प्रत्येक सोन्याच्या आयनासोबत चार क्लोराइड येतात व सोन्याचे क्षपण होताच ते मोकळे होतात. त्यांची सिल्व्हर नायट्रेटशी गाठ पडली की पदवीच्या प्रथम वर्षात शिकविलेला पांढरा अवक्षेप समोर येतो.

हिशोब करून पाहण्यासारखा आहे. २५ अंश सेल्सिअसला सिल्व्हर क्लोराइडचा विद्राव्यता गुणाकार १.८ गुणिले दहाचा उणे दहावा घात आहे. सोने व चांदी समान संहतीत घेतली आणि सर्व क्लोराइड मोकळे झाले असे मानले, तर क्लोराइडची संहती चांदीच्या चौपट होते. अवक्षेप टाळावयाचा असल्यास प्रत्येक धातूची संहती लिटरला सुमारे ६.७ मायक्रोमोलपेक्षा अधिक असता कामा नये. महाविद्यालयांत सहसा लिटरला एक मिलिमोलचे द्रावण घेतात. ते या मर्यादेच्या सुमारे दीडशेपट आहे. हा अर्थात सर्वांत प्रतिकूल स्थितीचा हिशोब होय, कारण क्षपणापूर्वी क्लोराइड सोन्याशी बद्ध असतात. परंतु इतका मोठा फरक दुर्लक्षिता येत नाही. मॅलिन व मर्फी यांनी २००२ मध्ये बोरोहायड्राइडने सोने-चांदीचे कण करताना क्षारांची संहती हेतुतः अल्प ठेवली होती, ती याच कारणाने.

यावर तीन मार्ग आहेत. द्रावण अतिशय विरल ठेवणे हा पहिला. रंग फिकट येतो, पण एक सेंटीमीटरच्या नळीत मोजता येतो. दुसरा मार्ग उकळत्या द्रावणात काम करण्याचा. सिल्व्हर क्लोराइडची विद्राव्यता २५ अंशांना लिटरमागे १.९ मिलिग्रॅम असते, ती १०० अंशांना सुमारे २१ मिलिग्रॅम होते. त्यामुळे वरील मर्यादा लिटरला सुमारे ७० मायक्रोमोलपर्यंत वाढते. उकळत्या सायट्रेटच्या पद्धतीला हा फायदा आपोआप मिळतो. तिसरा मार्ग अमोनिया घालून चांदीचे जटिल आयन करण्याचा. त्याने अवक्षेप टळतो खरा, पण चांदीचा क्षपण विभव +०.८० वरून सुमारे +०.३७ व्होल्टपर्यंत खाली येतो आणि सोने व चांदी यांच्यातील अंतर तिप्पट होते. एक अडचण निवारताना दुसरी ओढवून घेतली जाते. शिवाय चांदीचे अमोनियायुक्त द्रावण साठवून ठेवल्यास त्यात स्फोटक पदार्थ तयार होतो. ते ताजेच करावे आणि काम होताच आम्ल घालून नष्ट करावे.

पाण्याचाही येथे विचार करावा लागतो. मराठवाड्यातील अनेक विंधन विहिरींचे पाणी क्षारयुक्त असते आणि ऊर्ध्वपातन यंत्रातून पाणी उसळून आले तर थोडे क्लोराइड पुढे सरकते. दोनदा ऊर्ध्वपातित केलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकून किंचितही गढूळपणा येत नाही ना, हे प्रयोगापूर्वी पाहणे एका मिनिटाचे काम आहे. काचसामान अम्लराजाने धुतले असेल तर ते इतक्या वेळा खळबळून घ्यावे की शेवटच्या पाण्यालाही हीच परीक्षा लागू व्हावी.

पाण्याबाहेरच्या पद्धती

ज्या धातूंचे क्षपण पाण्यात साधत नाही, त्यांच्यासाठी इतर माध्यमे आहेत. फिएव्हे व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या पॉलिऑल पद्धतीत एथिलीन ग्लायकॉल हेच विद्रावक व क्षपणक असते. ते १९७ अंशांना उकळते, म्हणून पाण्यात अशक्य असलेले तापमान त्यात मिळते आणि कोबाल्ट-निकेलसारखी जोडीही एकत्र येऊ शकते. पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन हे बहुवारिक कणांभोवती आवरण म्हणून घालतात. सूक्ष्म पायसाच्या पद्धतीत, जी बुटोने व सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये धातुकणांसाठी वापरली, तेलात विखुरलेले पाण्याचे नॅनोमीटर आकाराचे थेंब हीच अभिक्रियेची पात्रे होतात. उत्पादन अल्प आणि पृष्ठक्रियाकारक काढून टाकण्याचा खटाटोप मोठा.

औष्णिक विघटनाची पद्धत अधिक विस्ताराने पाहण्याजोगी आहे. सन, मरे व सहकाऱ्यांनी २००० मध्ये लोह-प्लॅटिनमचे कण केले तेव्हा या दोन धातूंच्या विभवांत सुमारे १.२ व्होल्टचे अंतर होते. दोहोंना एकाच क्षपणकाने आणण्याचा प्रयत्नच त्यांनी सोडून दिला. उच्च उत्कलनबिंदूच्या ईथरमध्ये प्लॅटिनम ॲसिटिलॲसिटोनेटचे क्षपण डायॉलने केले आणि लोह मात्र आयर्न पेंटाकार्बोनिलच्या विघटनातून मिळविले. कार्बोनिलमधील लोह मुळातच शून्य संयुजेच्या अवस्थेत असल्याने त्याच्या क्षपणाचा प्रश्नच उरला नाही. ओलेइक आम्ल व ओलिलअमाइन यांनी कणांना आवरण दिले. असे मिळालेले कण मिश्रधातूचे होते, परंतु त्यांत लोह व प्लॅटिनम यांची मांडणी अनियमित होती. कायम चुंबकत्वासाठी लागणारी थरांची नियमित रचना पाचशे अंशांपलीकडे तापविल्यावरच आली. आयर्न पेंटाकार्बोनिल हे बाष्पनशील व अतिशय विषारी द्रव आहे. निर्वात कपाट व निष्क्रिय वायूची व्यवस्था नसलेल्या प्रयोगशाळेत या प्रयोगाचा विचारही करू नये.

गॅल्व्हानिक प्रतिष्ठापनात बाहेरचा क्षपणक लागतच नाही. चांदीचे कण क्लोरोऑरिक आम्लात टाकले की चांदी स्वतः विरघळते व सोने तिची जागा घेते. सोन्याच्या एका अणूसाठी चांदीचे तीन अणू खर्ची पडतात, म्हणून कण आतून पोकळ होत जातो. सन व शिआ यांनी २००२ मध्ये चांदीच्या घनाकृती कणांपासून सोन्याच्या पोकळ पेट्या मिळविल्या त्या याच तत्त्वावर.

पुण्यातील दोन प्रयोग

एकाच जोडीतील धातूंपासून भिन्न रचना कशा मिळतात याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अब्सार अहमद व त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या प्रारंभी वनस्पती व बुरशी यांच्या साहाय्याने धातूंचे नॅनोकण तयार करण्याचे काम हाती घेतले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात कडुनिंबाच्या पानांच्या काढ्यात सोने व चांदी यांचे आयन एकत्र ठेवले होते. मिळाला तो मिश्रधातू नव्हे. सोन्याच्या कणांवर चांदीचे सूक्ष्म कण चिकटून झालेली गाभा-कवच रचना मिळाली. संशोधकांनी ती तशीच नोंदविली. २००५ मध्ये याच गटाने फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम या बुरशीच्या साहाय्याने केलेले काम प्रसिद्ध झाले. तेथे दोन्ही आयनांच्या समसंहत द्रावणांतून मिश्रधातूचे कण मिळाले आणि बुरशीने बाहेर टाकलेल्या एनएडीएच या सहविकराच्या प्रमाणानुसार कणांतील धातूंचे प्रमाण बदलते असे दिसून आले.

वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना ही बुरशी परिचित असेल. हरभऱ्यावरील मर रोग याच जातीच्या एका विशिष्ट प्रकारामुळे होतो. रसायनशास्त्राच्या दृष्टीने मात्र काढा काय अथवा बुरशी काय, दोन्ही क्षपणकच. निंबाच्या काढ्यातील क्षपणकारी शर्करा व टर्पिनॉइडे यांनी जे केले तेच बुरशीच्या विकरांनी केले, परंतु भिन्न वेगाने व भिन्न पृष्ठभागीय आवरणासह. ‘हरित’ हे विशेषण लावल्याने क्षपणाचे नियम शिथिल होत नाहीत.

मिश्रणाचा पुरावा

कडुनिंब मराठवाड्यातील प्रत्येक महाविद्यालयाच्या आवारात आहे, दृश्य-अतिनील वर्णपटमापकही पुष्कळ ठिकाणी असतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची अपेक्षा तालुक्याच्या गावी करता येत नाही. तेव्हा हाती असलेल्या साधनातून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हे नेमके ठाऊक असणे भाग आहे.

वर्णपटात चांदीच्या गोलाकार कणांचे शोषण शिखर सुमारे ४०० नॅनोमीटरला व सोन्याचे ५२० नॅनोमीटरच्या आसपास येते. स्वतंत्र कणांचे मिश्रण असेल तर दोन शिखरे दिसतात. मिश्रधातू असेल तर एकच शिखर या दोहोंच्या मध्ये येते आणि सोन्याचा मोल अंश वाढेल तसे जवळजवळ सरळ रेषेत सरकते. दोन्ही धातू समान असता ते ४६० च्या आसपास अपेक्षित आहे. एका नमुन्याच्या एका शिखरावर मात्र विसंबू नये. सोन्यावर चांदीचे पातळ कवच असले तरी शिखर कमी तरंगलांबीकडे सरकते. म्हणून निदान चार-पाच भिन्न प्रमाणांचे नमुने करून शिखराचे स्थान व मोल अंश यांचा आलेख काढावा.

क्ष-किरण विवर्तनाबाबतचा गैरसमज अधिक खोल आहे. सोन्याच्या जालकाची बाजू ०.४०७८ नॅनोमीटर व चांदीची ०.४०८६ नॅनोमीटर; फरक ०.२ टक्के. तांब्याच्या क्ष-किरणांत पहिली रेषा सोन्यासाठी सुमारे ३८.१९ अंशांना व चांदीसाठी ३८.१२ अंशांना येते, म्हणजे अंतर ०.०७ अंशाचे. दहा नॅनोमीटरच्या कणांमुळे शेरर यांच्या सूत्रानुसार हीच रेषा सुमारे ०.८ अंश रुंद होते. रुंदीच्या बाराव्या हिश्श्याइतके अंतर त्या आलेखातून वाचणे शक्य नाही. सोने-चांदीच्या कणांसाठी विवर्तनाचा आलेख शुद्ध सोने, शुद्ध चांदी, त्यांचे मिश्रण व मिश्रधातू या चारही अवस्थांत व्यवहारतः एकसारखाच येतो. सोने-तांबे या जोडीत जालकांचा फरक मोठा असल्याने तीच पद्धत उत्तम काम देते.

त्याच आलेखात २७.८, ३२.२ व ४६.२ अंशांना रेषा दिसल्या, तर त्या काढ्यातील सेंद्रिय द्रव्याच्या म्हणून सोडून देऊ नयेत. त्या सिल्व्हर क्लोराइडच्या रेषा आहेत. वनस्पतींच्या काढ्यात क्लोराइड स्वभावतःच असते, आणि उजेडात जांभळट झालेला सिल्व्हर क्लोराइडचा अवक्षेप पाहून ‘नॅनोकण तयार झाले’ अशी समजूत होणे अगदी सोपे आहे.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी नमुना बाहेर पाठविताना मागणी नेमकी असावी. संपूर्ण जाळीवरील मूलद्रव्य विश्लेषण केवळ सरासरी सांगते. चौथ्या अवस्थेतील स्वतंत्र कणांचेही उत्तर तेच येईल. एकाच कणाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रेषेवर घेतलेले विश्लेषण, आणि असे अनेक कणांवर, हेच निर्णायक ठरते. ते उपलब्ध होईपर्यंत शोधनिबंधाच्या शीर्षकात ‘मिश्रधातू’ऐवजी ‘द्विधात्वीय’ हा शब्द वापरावा. तो खोटा ठरत नाही.

खर्चाचा मुद्दा अनेकदा पुढे केला जातो. क्लोरोऑरिक आम्लाच्या ट्रायहायड्रेटमध्ये वजनाने निम्मे सोने असते, हे खरे. परंतु लिटरला ०.२५ मिलिमोल संहतीचे शंभर मिलिलिटर द्रावण करण्यास ते जेमतेम दहा मिलिग्रॅम लागते. एका ग्रॅमच्या कुपीत असे शंभर प्रयोग होतात, आणि सिल्व्हर क्लोराइडची मर्यादा पाळली तर त्याहून कितीतरी अधिक. त्यांतील पहिले दोन प्रयोग निव्वळ सोन्याच्या व निव्वळ चांदीच्या कलिलाचे असावेत. ती दोन्ही कलिले समप्रमाणात मिसळून त्या मिश्रणाचा वर्णपट, मिश्रधातू म्हणून सादर करावयाच्या नमुन्याच्या वर्णपटाशेजारी, त्याच दिवशी व त्याच नळीत घेतलेला असावा.